हुजूम

हुजूम : सोव्हिएट संघराज्यातील उझबेकिस्तान या प्रजासत्ताकात ८ मार्च १९२७ रोजी, जागतिक महिलादिनाचे औचित्य साधून, कम्युनिस्ट पक्षाने आरंभिलेली गोषाविरोधी मोहीम. शब्द मूळचा अरबी असून त्याचा अर्थ हल्ला किंवा चढाई असा आहे. उर्दूत तो गर्दी या अर्थाने रूढ झाला. त्या दिवशी समरकंद, ताश्कंद आदी शहरांच्या चौकांत जे घडले, त्यास दोन्ही अर्थ सारखेच लागू पडतात.

मोहिमेचे लक्ष्य होते परंजी आणि चचवान. परंजी म्हणजे डोक्यावरून टाचांपर्यंत लोंबणारा घोळदार झगा. त्याच्या खोट्या बाह्या पाठीमागे एकमेकींस जोडलेल्या असत, म्हणजे बाह्या होत्या पण हात घालण्यासाठी नव्हत्या. चचवान ही घोड्याच्या केसांची विणलेली काळी जाळी, चेहऱ्यावरून छातीपर्यंत उतरणारी; आतून बाहेरचे अंधुक दिसे, बाहेरून आतले काहीच दिसत नसे. हा पेहराव मुख्यत्वे स्थायिक वस्तीच्या शहरांतला. शेजारच्या कझाक, किरगिझ व तुर्कमेन या भटक्या जमातींच्या स्त्रियांत तो नव्हता, आणि त्याचा सर्रास प्रसार तर रशियन अंमल आल्यानंतरच्या काळातला. परंतु पक्षाच्या दप्तरी मात्र तो सनातन मागासलेपणाची खूण म्हणून नोंदला गेला.

पक्षाला हे काम इतक्या तातडीचे का वाटले, याचे उत्तर त्या प्रदेशाच्या आर्थिक घडणीत सापडते. ज्या ताश्कंदात १९२० साली मानवेंद्रनाथ रॉय व त्यांचे सहकारी यांनी हिंदी कम्युनिस्ट पक्षाची स्थापना केली, त्या ताश्कंदाच्या भोवती कापूस मुबलक होता. पण ज्याच्या बळावर क्रांती उभी राहावयाची, तो स्थानिक कारखानदारी कामगारवर्ग जवळजवळ नव्हताच. १९२५-२६ मध्ये जमीन व पाणी यांच्या फेरवाटपाने शेतकरी काही अंशी पक्षाकडे वळला, तरी मोहल्ला, मशीद आणि कुटुंब यांची वीण उसवली नाही. तेव्हा घरातील सर्वांत दलित घटक म्हणून स्त्रीलाच क्रांतीचे सैन्य करावे, असा विचार पुढे आला. ग्रेगरी मॅसेल या अभ्यासकाने १९७४ च्या आपल्या ग्रंथात अशा स्त्रियांना 'बदली कामगारवर्ग' ठरविले, आणि ते वर्णन मार्मिक आहे. मात्र त्यात खुद्द उझबेक स्त्रियांची इच्छा झाकली जाते. जदीद सुधारकांच्या शाळांत शिकलेल्या कित्येक मुली गोषा सोडण्याची भाषा क्रांतीपूर्वीच बोलत होत्या.

मोहिमेचा कारभार पक्षाच्या स्त्री-विभागाकडे, म्हणजे झेनोत्देलकडे, होता. भाषणे व्हायची, वाद्ये वाजायची, मग स्त्रिया पुढे होऊन परंजी उतरवायच्या आणि चौकातच तिची होळी व्हायची. याहून शांत साधनेही होती: स्त्रियांचे क्लब, साक्षरतेचे वर्ग, सुईणींची केंद्रे आणि केवळ स्त्रियांसाठी चालविलेली सहकारी दुकाने. टंचाईच्या त्या दिवसांत दुर्मिळ कापड मिळते म्हणून एखादी बाई दुकानात शिरावी आणि कापडाबरोबर अक्षरओळख घेऊन परतावी, हा मार्ग संथ खरा, पण टिकाऊ होता. पक्षाला मात्र क्रांतीच्या दहाव्या वाढदिवसापर्यंत निकाल हवा होता.

निकाल आला तो रक्ताचा. गोषा टाकलेल्या स्त्रियांवर रस्त्यात हल्ले झाले, काहींवर बलात्कार झाले, आणि १९२७ ते १९२९ या काळात सुमारे २,००० स्त्रिया मारल्या गेल्या असाव्यात, असा अंदाज केला जातो. मारेकरी बहुधा नवरा, भाऊ किंवा बाप असे. मर्गिलानची नूरखान ही कोवळ्या वयाची नटी १९२९ साली सख्ख्या भावाच्या हातून मेली. कामिल याशिन यांनी पुढे तिच्यावर संगीत नाटक लिहिले. त्याच वर्षी मार्चमध्ये कवी-नाटककार हम्झा हकीमजादे नियाझी यांचा शाहीमर्दान येथे जमावाने खून केला. भयाने हजारो स्त्रियांनी परंजी पुन्हा पांघरली. काहींनी तर ती दोन-तीनदा उतरविली आणि तितक्यांदा घेतली. सभेत गर्जना करणारे कित्येक पक्षसभासद स्वतःच्या बायकोला मात्र घरातच ठेवीत, ही गोष्ट वरिष्ठांच्या तपासणीतही वारंवार उघड होई.

सर्वांत विलक्षण बाब ही की, ज्या राजवटीने जमिनी जप्त केल्या, वधूमूल्य व बालविवाह यांवर कायद्याने बंदी घातली, त्या राजवटीने परंजीबंदीचे फर्मान उझबेकिस्तानात कधीच काढले नाही. तसा मसुदा चर्चेत आला, आणि बारगळला. इराणात रेझाशहाने १९३६ मध्ये पोलिसांकरवी जे केले, ते करण्यास मॉस्को कचरले. स्त्रीने स्वेच्छेने गोषा टाकला, हे दिसणे त्यांस आवश्यक होते. मारेकऱ्यांना क्रांतिद्रोही ठरवून देहान्ताची शिक्षा देण्याची तरतूद मागाहून झाली खरी, पण शिपाई चौकात उभा आणि खून माजघरात, अशी स्थिती होती. १९३० मध्ये झेनोत्देलच मोडीत निघाला.

परंजी नाहीशी झाली ती पुढच्या दोन-तीन दशकांत, शाळा, रेशीमगिरण्या, सामुदायिक शेती आणि महायुद्धात आघाडीवर गेलेल्या पुरुषांच्या रिकाम्या जागा यांमुळे. यादगार नसरिद्दीनोव्हा ही स्त्री १९५९ ते १९७० या काळात प्रजासत्ताकाच्या सर्वोच्च सोव्हिएटच्या अध्यक्षमंडळाची प्रमुख होती. शेतात मात्र ट्रॅक्टर बहुधा पुरुष चालवी, आणि कापूस हाताने वेचीत वाकलेली रांग बायकामुलांची असे. १९४४ पासून दहा मुले वाढविणाऱ्या मातेस सरकार 'वीरमाता' हे पदक देत होते, आणि त्या रांगेतल्या अनेकींच्या घरी ते होते.