सहेलीची छाया कशी झाली

पाळणा लांबवायची गोळी म्हटलं की आपल्याला माला-डी आठवते, रोज एक. पण आठवड्याला एकच घ्यायची गोळीही आपल्याच देशात शोधली गेली, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत. तिच्यात हार्मोन नाहीत, हे विशेष. १९९१ साली ती ‘सहेली’ नावानं बाजारात आली.

आमच्या बाजारात मात्र नाही. तालुक्याच्या मेडिकलमध्ये नाव घेतलं की दुकानदार माला-डीचं पाकीट पुढे सरकवायचा, नाहीतर चारचौघांत मोठ्यानं विचारायचा, “कुणाला पाहिजे?” दोन दुकानं फिरून बाई मुकाट घरी यायची. दिवस राहिले की बोल पुन्हा तिलाच.

सरकारच्या कुटुंब नियोजन कार्यक्रमात ही गोळी आली २०१६ साली, ‘छाया’ या नावानं आणि मोफत. मधली २५ वर्षं कुणाच्या हिशेबात धरायची? तेवढ्यात आमच्या लेकींची लग्नं झाली.

आता आरोग्य केंद्रात जाऊन सिस्टरकडून आधी तपासून घ्या. पहिले ३ महिने आठवड्यातून दोनदा, ठरल्या वारी, मग एकदाच. गोळ्या संपल्यात म्हणाल्या, तर पुन्हा कधी येणार ते विचारूनच उठा.