दीड, अडीच आणि रेल्वेचं घड्याळ

शिरूर तालुक्यात रेल्वेचा रूळ नाही. आमच्या कवठे येमाईच्या माणसाला गाडी धरायची तर यष्टीनं शिरूर गाठायचं, तिथून पुणं नाहीतर दौंड. दौंडला रूळ आला तो १८५०च्या दशकात, पुण्याहून सोलापूरकडे जाताना. १८७८ साली मनमाडची लाइन निघाली आणि दौंड जंक्शन झालं. ‘जंक्शन’ हा शब्द आमच्याकडच्या निरक्षर म्हाताऱ्यांनाही ठाऊक होता. गाडी बदलायची ती जागा, एवढा अर्थ पुरे.

त्याआधी गावाला घड्याळाची गरजच नव्हती. दिस कासराभर वर आला, दिवेलागण झाली, कोंबडं आरवलं, यावर सगळा कारभार चाले. लग्नाच्या मुहूर्ताला घटिकापात्र. घटका चोवीस मिनिटांची, आणि ती चुकली तरी वऱ्हाड थांबे. गाडी थांबत नव्हती.

बरं, घड्याळ तरी एक होतं का? रेल्वे चाले मद्रासच्या वेळेवर, मुंबई आपल्या वेळेवर. १ जानेवारी १९०६पासून देशाला एक वेळ लागू झाली, पण मुंबईकरांनी ती मनापासून घेतली नाही. तिथली काही घड्याळं १९५५पर्यंत ३९ मिनिटं मागं होती. शिकलेल्यांचा हा घोळ, मग आमच्या माणसांना कोण हसणार?

आमच्या लहानपणी मास्तर इंग्रजी वेळ शिकवायचे ती मराठीच्या आधारानं. ‘क्वार्टर पास्ट’ म्हणजे सव्वा, ‘क्वार्टर टू’ म्हणजे पावणे, ‘हाफ पास्ट’ म्हणजे साडे. पोरांना पटकन जमायचं. अडायचं ते दीड आणि अडीचला. “साडेएक कुणी म्हणतं का रं?” म्हणून वर्ग हसायचा. तिकिटाचं इंग्रजी त्याहून सोपं. खिडकीशी वाकून “एक फुल, एक हाफ, सोलापूर” म्हटलं की जाड पुठ्ठ्याचं छोटं तिकीट हातात पडे. ते बायका पदराच्या गाठीला बांधत. अप, डाऊन, लेट, पॅसेंजर, टीसी. एवढ्या शब्दांवर माणसं पंढरपूर, नागपूर करून आली.

पण एक गोष्ट शब्दांनी सुटली नाही. आपला दिवस सूर्य उगवल्यावर सुरू होतो, रेल्वेचा मध्यरात्री. भावकीतल्या एका नानांना मुलाला नोकरीच्या मुलाखतीसाठी नागपूरला न्यायचं होतं. तिकिटावर तारीख १५, वेळ शून्य वाजून काही मिनिटं. नाना १५ला जेवण करून निघाले, रात्री दौंडला पोचले. खिडकीवरचा माणूस म्हणाला, “बाबा, तुमची गाडी काल रात्रीच गेली.” मुलाखत हुकली. पोरगं पुढं शेतीतच राहिलं.

नानांनी तारीख बरोबर वाचली होती, आकडेही बरोबर वाचले होते. त्यांचा १५ तारखेचा दिवस तेव्हा उगवायचा होता, एवढंच.

त्यानंतर वाडीवर कुणाचं रात्रीचं तिकीट आलं, की आधी एक प्रश्न विचारला जाई: “जेवून कोणत्या तारखेला निघायचं?” आज तिकीट मोबाइलवर येतं, वेळ तशीच ००ने सुरू होते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं तिकीट काढाल तेव्हा हा प्रश्न त्यांना जरूर सांगा.