थाळनेर किल्ला

थाळनेर किल्ला हा धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात तापी नदीच्या उत्तर काठावर असलेला मध्ययुगीन किल्ला होय. खानदेशच्या फारुकी राजवटीचा उदय येथूनच झाला. किल्ला आता जवळजवळ नामशेष झाला आहे.

रचना

नदीपात्रालगत उभ्या असलेल्या टेकडीवर हा किल्ला बांधलेला होता. एका बाजूस तापी आणि उरलेल्या तीन बाजूंस खोल घळ असल्याने त्याला नैसर्गिक संरक्षण लाभले होते. आत जाण्याची वाट पूर्वेकडे असून तीवर एकामागून एक असे पाच दरवाजे होते. किल्ल्याचे सर्वांत तपशीलवार वर्णन तो घेणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांच्याच लेखनात सापडते, हे ध्यानात ठेवावयास हवे.

फारुकी काळ

दिल्लीचा सुलतान फिरोजशहा तुघलक याने १३७० मध्ये थाळनेर व करवंद हा मुलूख मलिक राजाला जहागीर दिला. मलिक राजाने पुढे स्वतंत्र सत्ता स्थापन केली. १३९९ मध्ये तो मृत्यू पावला. त्याने थोरला मुलगा नासिर याला लळिंग, तर धाकटा इफ्तिखार याला थाळनेर दिले होते. ही वाटणी टिकली नाही. नासिरखानाने १४१७ मध्ये माळव्याच्या सुलतानाच्या साहाय्याने भावाकडून थाळनेर हिसकावून घेतले. राजधानी बऱ्हाणपुरास गेली, तरी राजघराण्यातील काहींचे दफन थाळनेरलाच झाले. बहमनी सैन्याकडून पराभूत होऊन १४३७ मध्ये लळिंग येथे मरण पावलेल्या नासिरखानाचे दफनही येथेच झाले.

अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतल्यावर फारुकी राज्य संपले. मराठा काळात थाळनेर होळकरांकडे आले.

१८१८ चा प्रसंग

महिदपूरच्या लढाईनंतर जानेवारी १८१८ मध्ये झालेल्या मंदसोरच्या तहाने होळकरांचा खानदेशातील मुलूख इंग्रजांकडे गेला. सर थॉमस हिस्लॉपचे सैन्य २७ फेब्रुवारीस थाळनेरला पोहोचले, तेव्हा किल्ल्यावरून गोळीबार झाला. तहानंतर प्रतिकार केल्यास बंडखोर समजले जाईल, अशी ताकीद हिस्लॉपने किल्लेदार तुळशीराम मामा याला दिली. तोफांच्या माऱ्यानंतर इंग्रज आत शिरले. वाटेतच किल्लेदार बाहेर येऊन त्यांच्या स्वाधीन झाला. अखेरच्या दरवाजाशी शिबंदीबरोबर बोलणी झाली आणि दिंडी उघडली गेली. आत गेलेल्या मोजक्या लोकांवर एकाएकी हल्ला होऊन मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅकग्रेगर ठार झाले. त्यानंतर सुमारे तीनशे जणांची शिबंदी कापून काढण्यात आली आणि त्याच संध्याकाळी किल्लेदाराला फाशी देण्यात आले.

हल्ला घडला तेव्हा किल्लेदार इंग्रजांच्या ताब्यात होता. दगाबाजी झाली असे हिस्लॉपचे म्हणणे. परस्परांची भाषा न कळल्याने गैरसमज झाला, असेही मत मांडले गेले. पण आपल्या धन्याने केलेल्या तहाची खात्री किल्लेदाराला पटली होती का, हा मूळ प्रश्न त्या घाईत कोणी विचारला नाही. मार्च १८१९ मध्ये ब्रिटिश संसदेने महिदपूरच्या विजयाबद्दल हिस्लॉपचे आभार मानले. थाळनेरची फाशी मात्र त्यातून कटाक्षाने वगळली.

सद्यस्थिती

नदीकडील बाजूस तटबुरुजांचे तुरळक अवशेष दिसतात. त्या मानाने गावातील फारुकी सुलतानांच्या कबरींवरील घुमटदार वास्तू बऱ्या स्थितीत असून त्यांतील एक अष्टकोनी आहे. स्थानिक लोक या वास्तुसमूहास ‘हजिरा’ म्हणतात.