गोठ्यातला चीक आणि माजघरातला चीक

गाय व्याली की वासरू धडपडत उभं राहतंय तोवरच आमचे आजोबा त्याचं तोंड सडाला लावायचे. चीक पोटात गेला नाही तर वासरू जगत नाही, हे शाळेचं तोंड न पाहिलेल्या गड्यालाही ठाऊक होतं. वासराचं झालं की उरलेल्या चिकाचा खरवस व्हायचा आणि वाटीवाटीनं शेजारी जायचा.

त्याच घरात बाई बाळंत झाली की मात्र तिचा चीक पिळून टाकून देत. “पयला चीक जड असतुया, लेकराला बाधतो,” असं आजी सांगायची. मग दोन-तीन दिवस बाळाच्या तोंडात गुळाचं पाणी, मधाचं बोट, नाहीतर शेळीच्या दुधात भिजवलेला कापसाचा बोळा. गोठ्यातलं शहाणपण चार पावलांवरच्या माजघरात का पोचलं नाही, याचं मला फार दिवस नवल वाटायचं.

पुढं वाचताना एक गोष्ट कळली. वासराला आईच्या पोटात असताना रोगाशी लढायची ताकद जवळजवळ मिळतच नाही, ती चिकातूनच येते. माणसाच्या बाळाला थोडी शिदोरी पोटातच मिळालेली असते. त्यामुळं चिकाविना वासरू डोळ्यांदेखत जायचं, आणि चिकाविना बाळ पुष्कळदा तगायचं. तगलेल्या लेकरांनी रीत खरी ठरवली आणि गेलेल्यांचा दोष सटवाईच्या माथी गेला. म्हणूनच ती रीत इतकी टिकली असावी.

सुईण अडाणी होती असं म्हणणं सोपं आहे. पण आमच्या सुईणीच्या हाताला डोळे होते. रडणं खणखणीत की कण्हल्यासारखं, अंगाचा रंग लाल की निळा, टाळू कशी, शीची जागा नीट उघडी आहे का, तोंडात बोट घातलं तर चोखतं का, एवढं सगळं ती पाहायची. मात्र तिची नजर आधी बाळंतिणीवर. वार पडेपर्यंत बाळ बाजूला उघडंच पडलेलं, आणि त्यावर लगेच अंघोळ. त्यात ते गारठायचं. नाळ विळ्यानं कापलेली. काही दिवसांनी बाळाचा जबडा बसला, अंग ताठ झालं, तर तो धनुर्वात हे कुणाला माहीत? पाचवीच्या रात्री दिवा लावून जागायचे ते काही उगाच नव्हे. पहिले दिवस घातकी, हे गावाला पक्कं कळलेलं होतं. काय करायचं तेवढं कळलेलं नव्हतं.

माझ्या थोरल्या चुलतीची, नानींची, तीन बाळं बाराव्या दिवसाच्या आत गेली. बारसं झालं नाही म्हणून त्यांना नावं नाहीत, आणि नावं नाहीत म्हणून कुठल्या दप्तरात नोंद नाही. कशानं गेली विचारलं की नानी एवढंच म्हणायच्या, “दूध वढायचं बंद झालं, बाबा.”

त्या बोलण्याचं मोल मला गडचिरोलीच्या कामामुळं कळलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथं ‘सर्च’ संस्था सुरू केली. पुढं ३९ गावांत त्यांनी थोड्याफार शिकलेल्या गावच्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. या बायका घरी जाऊन बाळाचं वजन आणि ताप बघायच्या, मिनिटाला श्वास किती ते मोजायच्या, बाळाला उबदार कपड्यात ठेवायच्या, गरज पडली तर प्रतिजैविकाचं इंजेक्शनही द्यायच्या. जंतुदोष ओळखायच्या त्यांच्या खुणा साध्या होत्या: चोखणं कमी झालं, रडणं क्षीण झालं, हातपाय लुळे पडले, अंग गार लागलं. नानींनी पाहिलं होतं तेच हे. फरक इतकाच, की इथं आईचं बोलणं ऐकून लगेच काहीतरी करणारं माणूस दारात होतं. शेजारच्या ४७ गावांशी ताडून पाहिलं, तर तान्ह्या बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. १९९९ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं.

पुढं २०११ पासून हेच काम देशभरातल्या आशाताईंकडं आलं. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. झोळीच्या काट्यावर वजन करते. अडीच किलोच्या खाली असेल तर जास्त जपायला सांगते. मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं, तळपायापर्यंत पिवळेपणा, यातलं काही दिसलं तर थेट दवाखाना.

पाजण्याचंही ती दाखवते. जन्मल्यावर तासाच्या आत छातीला, चिकासकट. बाळाचं पोट आईच्या पोटाला टेकलेलं, तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनाला लागलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. नुसतं बोंड चोखलं तर आईला चिरा पडतात आणि बाळ उपाशी राहतं. रात्र धरून आठ-बारा वेळा पाजायचं. सहा महिने दुसरं काही नाही, पाणीसुद्धा नाही. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतं, म्हणून वरचं दूध सुरू करायचं कारण नाही.

नातसुनेच्या बाळंतपणात आशाताई काटा टांगायला लागली तेव्हा नानी कोपऱ्यातून म्हणाल्या, “ताई, वजन मागनं करा. आधी वढतंय का ते बगा.”

ताईनं काटा खाली ठेवला आणि आधी तेच पाहिलं.