एक नाव, अनेक नामदेव

सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याला संतांची भूमी म्हणतात. दामाजीपंत, कान्होपात्रा, चोखामेळा ही नावे या गावाशी कायमची जोडलेली आहेत. संत नामदेवांचा या गावाशी आलेला संबंध मात्र मुख्यतः एका प्रसंगाने स्मरणात राहिला आहे, आणि तो प्रसंग विलक्षण आहे.

परंपरा सांगते की १३३८ साली मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि कामावरचे अनेक महार मजूर तिच्याखाली गाडले गेले. चोखोबा त्यांतच होते. नामदेव तेथे पोहोचले तेव्हा ढिगाऱ्यात हाडेच उरली होती. कोणते हाड कोणाचे, हे कोण सांगणार? नामदेवांनी एकेक हाड उचलून कानाशी धरले. ज्यातून विठ्ठलनामाचा ध्वनी आला, ती चोखोबांची म्हणून वेगळी केली, पंढरीस नेली आणि मंदिराच्या महाद्वारासमोर त्यांना समाधी दिली. हुतात्म्यांचे अवशेष वेदीत ठेवणाऱ्या आणि संत फ्रान्सिस झेवियर यांच्या दर्शनासाठी जुन्या गोव्याला जाणाऱ्या आपल्या कुटुंबांना या कथेतील भाव समजावून सांगावा लागणार नाही. शिंपी समाजातील संताने, ज्यांना शिवणेही त्या काळी विटाळ मानले जाई, त्यांची हाडे कानाशी लावावीत, हे मात्र पुन्हा पुन्हा मनात आणण्यासारखे आहे.

मंगळवेढ्यात नामाने माणसाची ओळख पटवली. ज्यांनी ती पटवली, त्यांचे स्वतःचे नाव मात्र पुढे अभ्यासकांना चकवीत राहिले. सोळाव्या शतकात विष्णुदास नामा नावाचे दुसरे कवी झाले. त्यांनी महाभारत ओवीबद्ध केले. अभंगाच्या शेवटी ‘नामा’ एवढीच मुद्रा असली की रचना कोणत्या नाम्याची, हे हस्तलिखिते उतरून घेणाऱ्यांना कळेना. दोघांच्या रचना एकमेकींत मिसळल्या, आणि चौदाव्या शतकातील संताच्या नावावर नंतरच्या कवीचे शब्द जमा झाले. आपल्याकडे प्रेषित थॉमस, तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस आणि ‘क्रिस्तपुराण’ रचणारे फादर थॉमस स्टीफन्स यांची गल्लत कोणी करीत नाही, कारण त्यांच्या नावांपुढे काही ना काही जोड आहे. बिचाऱ्या ‘नामा’पुढे ती नव्हती.

आडनावे रूढ झाल्यावर हा घोटाळा संपला; नावाची आवड मात्र संपली नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीतील नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदीवर होते. पलीकडच्या काठावर तुकडीची चाळण झाली, तेव्हा त्यांनी दोन जखमी सोबत्यांना भर गोळीबारात खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून एकेक करून सुखरूप आणले. मग परत फिरून एकट्याने शत्रूची मशीनगन ठाणी निकामी केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. संत नामदेवांशी त्यांचे नाते नावापुरतेच. पण पडलेल्या सोबत्याला तेथेच न सोडणारी ही दोन माणसे एकाच नावाची निघावीत, याचे मला अप्रूप वाटते.

पळसखेडचे ना. धों. महानोर यांच्या नावातील ‘ना’ही नामदेवच. शेती, ‘रानातल्या कविता’ आणि विधान परिषद ही तिन्ही क्षेत्रे त्यांनी गाजवली. २०२३ साली ते वारले.

आणि नामदेव ढसाळ. पुणे जिल्ह्यातील पूर गावचे, चोखोबांच्याच समाजात जन्मलेले. मुंबईत त्यांनी टॅक्सी चालवली. १९७२ साली त्यांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला आणि त्याच वर्षी दलित पँथर स्थापन झाली. वारकरी संताचे सौम्य नाव धारण करणाऱ्या या कवीची भाषा इतकी जळजळीत होती की अनेक वाचकांना ती सोसली नाही. पण ज्या माणसांना वेशीबाहेर ठेवले गेले, त्यांच्याच कवितेला सभ्यतेचे माप लावायचे, हा न्याय मला पटत नाही. ढसाळांचा जन्म १९४९चा. ज्या महाद्वारासमोर चोखोबांची हाडे विसावली, ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर अस्पृश्य मानलेल्यांना खुले झाले, ते त्याच्या दोनच वर्षे आधी, १९४७ साली.