सातबाऱ्यावरची लक्ष्मी

चांदवड म्हटले की आपल्यातल्या नाशिककडच्या मंडळींना रेणुकामातेचे देऊळ आठवेल, नाहीतर होळकरांचा रंगमहाल. मला आठवते ते 1986 सालचे चांदवड. त्या वर्षी 9 आणि 10 नोव्हेंबरला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे अधिवेशन तिथे भरले. लाखाच्या वर बायका आल्या होत्या असे संघटनेची माणसे सांगतात. आकडा थोडा कमी धरला तरी नऊवारी नेसून, कडेवर पोर घेऊन शेतकरी बायका एवढ्या संख्येने स्वतःच्या प्रश्नासाठी जमल्याचे त्याआधी माझ्या तरी ऐकिवात नव्हते.

संघटनेचे नेते शरद जोशी आपल्यासारखेच परदेशात राहिलेले गृहस्थ. स्वित्झर्लंडमध्ये बर्नला आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेत त्यांची चांगली नोकरी होती. ती सोडून ते सत्तरच्या दशकात परतले, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली आणि स्वतः कसू लागले. शेतकऱ्याला त्याच्या घामाचे दाम मिळत नाही, हा त्यांचा मूळ मुद्दा. चांदवडनंतर हाच हिशेब ते शेतकऱ्याच्या घरात घेऊन गेले. सरकार तुला भाव देत नाही म्हणून तू रस्त्यावर येतोस, मग पेरणीपासून कापूस वेचणीपर्यंत राबणाऱ्या बायकोचे दाम तू कधी दिलेस? घरच्या लक्ष्मीचे हे कर्ज फेडायचे तर जमिनीचा एक तुकडा तिच्या नावावर कर. यातून 1989-90 च्या सुमारास जी मोहीम उभी राहिली ती 'लक्ष्मीमुक्ती'. ज्या गावात शंभर घरांनी असे केले ते गाव लक्ष्मीमुक्तीचे, आणि त्या गावी शरद जोशी स्वतः जाणार, असा शिरस्ता ठरला.

शहरात वाढलेल्यांना वाटेल, नवरा-बायकोत नावाचे काय एवढे? सातबारा म्हणजे तलाठ्याकडचा नमुना सात आणि नमुना बारा. एकावर जमीन कोणाची ते, दुसऱ्यावर पीक कोणते ते. गावातला शेतकरी कोण, हे हा कागद ठरवतो. सोसायटीचे पीककर्ज त्यावर, नुकसानभरपाई त्यावर. निंदणी-खुरपणी करणारी, बियाणे राखेत घोळून जपणारी, गुरांचे शेण काढणारी बाई त्या कागदावर कुठेच नसते. म्हणून सोसायटीच्या सभेला ती नसते, आणि विहिरीचे पाणी उसाला द्यायचे की ज्वारीला, हेही तिला कोणी विचारत नाही. पुढे नवऱ्याने टाकले तर एवढ्या वर्षांच्या कष्टाचा पुरावा म्हणून दाखवायला तिच्याजवळ हाताचे घट्टे तेवढे उरतात.

जळगाव जिल्ह्यातले विटनेर या मोहिमेत गाजले. दिल्लीच्या 'मानुषी' नियतकालिकाच्या संपादक मधु किश्वर यांनीही लक्ष्मीमुक्तीबद्दल लिहिले. कोर्टकज्जा नाही, मोर्चा नाही. पुरुष तलाठ्याकडे जाऊन आपल्याच जमिनीतला तुकडा बायकोच्या नावे करून देत होते. मला यातले नवल अजून ओसरलेले नाही. आपल्याकडे बांधावरच्या एका वितीसाठी सख्खे भाऊ डोकी फोडतात!

नाव लागल्यावर पिकवायचे काय, याचाही विचार पुढे झाला. 1991 साली शेगावला शरद जोशींनी 'चतुरंग शेती' मांडली. तिचे पहिले अंग सीताशेती, म्हणजे बाईने आपल्या तुकड्यात विकतची खते-औषधे टाळून करायची शेती. दुसरे माजघरशेती, म्हणजे पिकलेल्या मालावर घरातच प्रक्रिया करून विकणे. व्यापारशेती आणि निर्यातशेती ही पुढची दोन. सीतेचे नाव उगीच घेतलेले नव्हते. यवतमाळ जिल्ह्यात रावेरीला सीतेचे एक जुने देऊळ आहे. टाकलेली सीता इथे राहिली, तिने गावात मूठभर गहू मागितला, लोकांनी दिला नाही, म्हणून तिच्या शापाने इथे गहू पिकेना, अशी तिथली दंतकथा. या पडक्या देवळाचा जीर्णोद्धार पुढे शरद जोशींच्याच पुढाकाराने झाला.

सरकारनेही 1992 मध्ये परिपत्रक काढले: नवऱ्याने स्वखुशीने अर्ज केला तर त्याच्या हयातीतच बायकोचे नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लावता येते. पण सगळी मदार त्या 'स्वखुशी'वर. नेता येणार म्हणून नाव लावले आणि कारभार पहिलाच, अशी घरेही असणारच. 2015-16 च्या कृषिगणनेत देशातल्या शंभर वहिवाटदारांमागे जेमतेम 14 स्त्रिया निघाल्या.

तरी बाईच्या हाती तुकडा आला की काय होते ते मराठवाड्यात दिसले. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतरच्या कामातून पुढे आलेल्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने दुष्काळी भागातल्या बायकांना सुचवले, सगळी जमीन मागू नका, एक एकर मागा. त्या एकरात नगदी पिकाऐवजी डाळी, ज्वारी-बाजरी, भाजीपाला, तोही थोड्या पाण्यावर आणि घरच्या खतावर. आधी घरचे पोट, मग बाजार. या कामाला 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

लेकींचे मात्र कायद्याने झाले. महाराष्ट्राने 1994 मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. तेव्हापासून इथे आपल्या घरांतून एक कागद फिरताना दिसतो: हक्कसोडपत्र. वकिलातीत जायचे, सही करायची, शिक्का घ्यायचा, गावी पाठवायचे. मलाही आला आहे. माझ्या नावाने निघणाऱ्या त्या वाट्यात मी आयुष्यात खुरपे धरलेले नाही. तिथे तीस वर्षे राबली ती माझी वहिनी, आणि तिचे नाव ना सातबाऱ्यावर, ना या कागदात. मी सही केली तर सगळे दादाच्या नावे होईल. म्हणून दादाला लिहिले, 1992 च्या परिपत्रकाप्रमाणे आधी वहिनीच्या नावाचा अर्ज दे, त्याची पोच मला पाठव, मी त्याच आठवड्यात वकिलातीत जाते. पत्र पाठवून दोन महिने झाले. दादाचे उत्तर नाही. वहिनीचा मात्र एकदा फोन आला. पाऊसपाणी, पोरांची लग्ने असे बरेच बोलली, आणि ठेवता ठेवता म्हणाली, "ताई, त्या अर्जाला फोटो लागतो का हो?"