मधुमेह, मोजमाप आणि दूरचा डॉक्टर

शाळेच्या प्रयोगशाळेत बेनेडिक्ट द्रावणाची परीक्षा आपण सर्वांनी केलेली असते. परीक्षानळी तापवली की निळा रंग हिरवा, पिवळा आणि शेवटी विटकरी होतो. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली बेनेडिक्ट यांनी १९०८ च्या सुमारास तयार केलेले हे द्रावण पुढे कित्येक दशके मधुमेही रुग्णांची लघवी तपासण्यासाठी वापरले गेले. पण रक्तातील ग्लुकोज दर १०० मिलिलिटरला साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय लघवीत उतरत नाही. शिवाय लघवी सांगते ती काही तासांपूर्वीची गोष्ट!

प्रौढ वयात सुरू होणाऱ्या, म्हणजे 'टाइप २' मधुमेहासाठी ही परीक्षा अपुरी होती. या आजारात शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही. बरीच वर्षे काही दुखत-खुपत नाही, मात्र डोळे, मूत्रपिंडे आणि पायांच्या नसा यांची हानी होत राहते. औषध, आहार व व्यायाम यांत वरचेवर बदल करावा लागतो. डॉक्टर मात्र वर्षातून तीन-चार वेळाच भेटतात. मग मधल्या काळात दूर बसलेला डॉक्टर रुग्णाकडे लक्ष ठेवू शकेल का? या प्रयत्नाला दूरवैद्यक किंवा टेलिमेडिसिन म्हणतात.

टेलिफोन तर १८७६ पासून होता. मग हे इतके उशिरा का घडले? एक मोठे कारण असे, की तारेवरून कळवण्याजोगा भरवशाचा आकडाच रुग्णाजवळ नव्हता.

तो आकडा हळूहळू हाती आला. १९६८ मध्ये तेहरानमध्ये सॅम्युअल रहबर यांना मधुमेही रुग्णांच्या रक्तात ग्लुकोज चिकटलेले हिमोग्लोबिन जास्त आढळले. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. म्हणून या हिमोग्लोबिनच्या टक्केवारीवरून मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर कळते. हीच आजची 'एचबी-ए-वन-सी' चाचणी. १९७० मध्ये रक्ताच्या थेंबाने पट्टीवर उमटलेला रंग मोजणारे यंत्र निघाले. ते किलोभराहून जड होते आणि डॉक्टरांसाठीच होते. १९७८ मध्ये ब्रिटनमधील डॉक्टरांनी रुग्ण घरच्या घरी अशी तपासणी करू शकतात, हे दाखवून दिले. आता आकडा रुग्णाच्या हातात आला.

याची मोठी परीक्षा न्यूयॉर्क राज्यात २००० साली सुरू झाली. वैद्यकीय सोयी तोकड्या असलेल्या शहरी व ग्रामीण भागांतील ५५ वर्षांवरील १,६६५ मधुमेही निवडून त्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाच्या घरी कॅमेरा, ग्लुकोजमापक आणि रक्तदाबमापक जोडलेला संगणक दिला. टेलिफोनच्या तारेवरून आकडे परिचारिकेकडे जात आणि ती रुग्णाशी समोरासमोर बोलावे तशी बोले. दुसऱ्या गटाला नेहमीचेच उपचार. पाच वर्षांनी पहिल्या गटाची एचबी-ए-वन-सी दुसऱ्यापेक्षा सुमारे ०.२९ टक्क्याने कमी होती. रक्तदाबही थोडा कमी होता. फायदा लहान, पण खरा. उपचारांवरील सरकारी खर्च मात्र घटला नाही आणि यंत्रणा महागडी ठरली.

भारतात २००६ मध्ये तमिळनाडूतील चुनामपेट परिसरातील ४२ गावांत वेगळी वाट चोखाळली गेली. चेन्नईच्या मधुमेहतज्ज्ञांनी एक मोटारगाडी तपासणीच्या साधनांनी सज्ज केली. तिच्यातील कॅमेऱ्याने दृष्टिपटलाची छायाचित्रे घ्यायची आणि 'इस्रो'च्या उपग्रहामार्फत चेन्नईला धाडायची. ८६ टक्क्यांहून अधिक प्रौढांची तपासणी झाली, शिवाय गावात मधुमेह केंद्रही उभे राहिले. वर्षभरात रुग्णांची सरासरी एचबी-ए-वन-सी ९.३ वरून ८.५ टक्क्यांवर आली. पाच टक्क्यांहूनही कमी रुग्णांना चेन्नईला पाठवावे लागले.

वर्गात विचारण्याजोगा प्रश्न असा: चुनामपेटची घट ०.८ आणि न्यूयॉर्कची ०.२९, म्हणून गाडी अधिक गुणकारी का? तसे म्हणता येणार नाही. चुनामपेटला तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. ती घट उपग्रहामुळे किती आणि गावातल्या केंद्रामुळे किती, हे वेगळे काढता येत नाही. तार काय किंवा उपग्रह काय, नेतो तो फक्त आकडा किंवा चित्र. एका टोकाला ते वाचून सल्ला देणारा माणूस हवा आणि दुसऱ्या टोकाला तो सल्ला पाळता येईल अशी औषधाची व जेवणाची सोय हवी. ती नसेल तर मधले अंतर मिटूनही रुग्णाची दृष्टी वाचत नाही.